दोन बेटं, एक भुकटी आणि प्रोस्टेटचा कर्करोग

या प्रकरणातला रुग्ण म्हणजे दोन बेटं. कॅरिबियन समुद्रातली मार्टिनिक आणि ग्वादलूप. दोन्ही फ्रान्सचाच भाग. चलन युरो, कायदे पॅरिसहून येणारे, लोकसंख्या प्रत्येकी चार लाखांच्या आतबाहेर. २०१८ सालच्या जागतिक अंदाजात प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या रुग्णांचा दर ग्वादलूपमध्ये लाख पुरुषांमागे १८९ होता आणि मार्टिनिकमध्ये १५८. जगाची सरासरी २९. दक्षिण-मध्य आशियात तर ५. हे दर वय-प्रमाणित आहेत, म्हणजे ज्या देशात म्हातारी माणसं जास्त त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून वयाचा फरक आधीच काढून टाकलेला. तरीही यादीत वरची दोन नावं याच बेटांची.

बेटांवर याचं कारण विचारलं की उत्तर बहुधा एका शब्दात मिळतं: क्लोरडेकोन. केळीच्या बागांत वीस वर्षं वापरलेलं कीटकनाशक. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि ते नेमकं किती अपुरं आहे हे मोजत जाण्यातच या प्रकरणाची सगळी गंमत आहे (गंमत हा शब्द इथे बरा दिसत नाही, पण अभ्यासकाला दुसरा सुचत नाही). एरवी या कर्करोगाच्या प्रादेशिक फरकांवर बोलताना आपण ‘आहार’ आणि ‘पर्यावरण’ असे दोन रकाने आखून मोकळे होतो. इथे ते दोन्ही एकाच कंदात सापडतात.

सोंडकिडा आणि त्याच्यावरचं औषध

केळीचा कंद पोखरणारा एक काळा सोंडकिडा आहे; शास्त्रीय नाव कॉस्मोपोलायटिस सॉर्डिडस. मादी बुंध्याशी अंडी घालते, अळी कंद खात आत बोगदे करते, मुळं कमकुवत होतात आणि भरल्या घडाचं झाड वाऱ्याच्या एका झोतात आडवं होतं. वादळांच्या वाटेवर वसलेल्या बेटांवर बागायतदाराला या किड्याची किती धास्ती असेल ते वेगळं सांगायला नको.

त्यावर जे औषध आलं ते अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेलं. हेच क्लोरडेकोन; बाजारातलं नाव केपोन. दहा कार्बन, दहा क्लोरीन, एक ऑक्सिजन, आणि या सगळ्यांचा मिळून बंद पिंजऱ्यासारखा रेणू. हा पिंजरा तोडायला मातीतल्या जिवाणूंकडे धड हत्यार नाही, म्हणूनच ते शेतात ‘टिकतं’. विक्रेत्याच्या दृष्टीने हा गुण होता. प्रत्यक्ष वापरायची ती ५ टक्क्यांची पांढरट भुकटी. मजूर डब्यातून ती घेऊन प्रत्येक बुंध्याभोवती हाताने टाकत, अनेकदा हातमोज्यांशिवाय.

फ्रान्समधल्या विषारी पदार्थांच्या समितीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस या औषधाला नकार दिला होता. उंदरांवरचे परिणाम आणि पदार्थाचा चिवटपणा या दोन्हींवर तेव्हाच बोट ठेवलं होतं. १९७२ मध्ये कृषी मंत्रालयाने तरीही तात्पुरती परवानगी दिली. ‘तात्पुरती’ हा शब्द पुढची एकवीस वर्षं टिकला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मार्टिनिकच्या केळी मजुरांनी संप केला. मागण्यांत मजुरीवाढ होती, आणि विषारी औषधं, त्यात केपोन, बंद करा ही मागणीही होती. १४ फेब्रुवारीला उत्तरेकडच्या बास-प्वांत भागात शाल्वे इथे सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला, एक मजूर ठार झाला. इतिहासात हा संप गोळीबारामुळे लक्षात राहिला. साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ती औषधांची मागणी अधोरेखित करून ठेवावी. भुकटी ज्यांच्या हातात होती त्यांना दुसऱ्याच वर्षी कळलं होतं की यात काहीतरी बरोबर नाही.

१९७५च्या जुलैमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल गावचा केपोनचा कारखाना बंद करावा लागला. तो सोळाच महिने चालला होता. कामगारांचे हात थरथरत, डोळे आपोआप इकडेतिकडे उडत, वजन घटत होतं, शुक्रजंतूंची संख्या खाली गेली होती. तपासलेल्या १३३ कामगारांपैकी ७६ जणांत लक्षणं सापडली. कारखान्याचं सांडपाणी जेम्स नदीत गेलेलं असल्याने तिथल्या मासेमारीवर बंदी आली आणि निर्बंध १९८८ पर्यंत राहिले. उत्पादन ज्या कंपनीसाठी चालत होतं त्या अलाइड केमिकलला १९७६ मध्ये १ कोटी ३२ लाख डॉलरचा दंड झाला. तो पुढे कमी करण्यात आला.

त्या कामगारांवर उपचार करताना एक उपयोगी गोष्ट कळली. क्लोरडेकोन इतर क्लोरीनयुक्त कीटकनाशकांसारखं चरबीत जाऊन बसत नाही. ते यकृतात साठतं, पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा शोषलं जातं. कोलेस्टेरॉल कमी करणारं कोलेस्टायरामिन आतड्यातच त्याला पकडून शौचावाटे बाहेर काढतं, असं तेव्हा दिसलं. उपचाराशिवायही रक्तातलं प्रमाण सुमारे १६५ दिवसांत निम्मं होतं. हा १६५चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे दोनदा लागणार आहे.

होपवेलनंतर अमेरिकेत विषय संपला. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्राण्यांवरच्या प्रयोगांतल्या यकृताच्या गाठी पाहून या पदार्थाला ‘माणसात कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात टाकलं. त्याच सुमारास फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेचे दोन अहवाल आले. १९७७च्या अहवालात ग्वादलूपची माती आणि नद्या दूषित असल्याची नोंद होती, १९८०च्या अहवालात अन्नसाखळीत विष साठत चालल्याची. आणि नेमकी तेव्हाच, १९७९ला डेव्हिड आणि १९८०ला ॲलन, ही दोन चक्रीवादळं येऊन गेली. बागा झोपल्या, सोंडकिड्याचा उपद्रव वाढला, बागायतदारांनी औषध मागितलं. १९८१ मध्ये तेच रसायन ‘कुर्लोन’ या नव्या नावाने मंजूर झालं. मूळ माल ब्राझीलमध्ये बनायचा, मिसळण फ्रान्समध्ये बेझिए इथे व्हायची. १९९० मध्ये परवानगी काढून घेतली, पण बेटांसाठी मुदतवाढ मिळत मिळत वापर सप्टेंबर १९९३ पर्यंत चालला. एकूण सुमारे ३०० टन क्लोरडेकोन या दोन छोट्या बेटांच्या मातीत गेलं.

केळं सुटलं, रताळं अडकलं

पाण्याच्या झऱ्यांत आणि नद्यांत क्लोरडेकोन असल्याचं १९९९-२००० मध्ये नीट तपासल्यावर दिसलं आणि पाणीपुरवठ्याला कोळशाचे फिल्टर बसले. ऑगस्ट २००२ मध्ये मार्टिनिकहून आलेली सुमारे दीड टन रताळी डंकर्कच्या बंदरात अडवण्यात आली, कारण तपासणीत त्यांत क्लोरडेकोन निघालं. माल नष्ट केला गेला. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी विषयाची दखल घेतली ती या रताळ्यांमुळे.

यात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. औषध केळीवर टाकलेलं, पण केळ्यात ते जवळजवळ नाही. क्लोरडेकोन मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, पाण्यात फार विरघळत नाही, आणि झाडात मुळापासून वर चढताना वाटेतच अडतं. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच लटकणाऱ्या घडापर्यंत ते पोचतच नाही. म्हणजे बोटीत भरून युरोपला गेलेलं केळं स्वच्छ होतं. खाणाऱ्याला तक्रारीचं कारण नव्हतं, आणि ज्या मालाची तपासणी होते त्या मालातून हा गुन्हा उघड होण्याची शक्यताच नव्हती.

उलट जे मातीतच वाढतं त्याला सुटका नाही. अळूचे कंद (तिथे दाशीन म्हणतात), कोनफळं, रताळी. यांची साल महिनोन्‌महिने त्या मातीला चिकटून असते. सर्वात जास्त विष सालीत आणि सालीलगतच्या थरात असतं. म्हणून तिथल्या आरोग्य सल्ल्यात ‘कंद जाड सोला’ असं सांगितलं जातं. टोमॅटो, मिरची, शेंगा, नीरफणस यांत ते फारसं येत नाही. काकडी-भोपळ्याची जात मधली, थोडं ओढून घेते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या माती चिवडतात, तर अंड्यांत. गुरं कुरणात चरताना गवताबरोबर माती खातात, तर मांसात. पावसाने माती वाहून नदीत, नदीतून खाडीत, तिथून मासे आणि शेवंड्यांत. किनाऱ्यालगतच्या काही पट्ट्यांत मासेमारीला बंदी आहे, आणि दूषित नद्यांतले मासे खाऊच नयेत असा सल्ला.

आता हे कंद कोण खातं? परसबागेतलं पिकवून खाणारा, शेजाऱ्याकडून घेणारा, रस्त्याकडेच्या टोपलीतून विकत घेणारा. सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्यापेक्षा हा माणूस गरीब असतो आणि बहुधा जुन्या बागांच्या जवळ राहतो. त्याच्या अंगणाची जमीन कधीकाळी केळीची बाग होती की नाही हेही त्याला माहीत असेलच असं नाही. २०१३-१४ मध्ये घेतलेल्या रक्तनमुन्यांत दोन्ही बेटांवरच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात क्लोरडेकोन सापडलं, ते शेवटची भुकटी टाकल्यानंतर वीस वर्षांनी. आता तो १६५चा आकडा आठवा. दर साडेपाच महिन्यांनी निम्मं होणारी वस्तू वीस वर्षांनी रक्तात उरायलाच नको. ती आहे, याचा अर्थ ती रोज ताटातून नव्याने येते आहे.

मातीचं गणित वेगळ्याच कालगणनेत चालतं. बेटं ज्वालामुखीची, माती तीन-चार प्रकारची. नायटिसॉल या तांबड्या चिकणमातीतून विष धुवून जायला अनेक दशकं, अँडोसॉल या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या काळ्या भुसभुशीत मातीतून जायला पाच-सहा शतकं, असा अंदाज २००९ मध्ये मांडला गेला. नंतरच्या संशोधनात जिवाणू थोडंफार विघटन करतात असं दिसल्याने हे आकडे खाली येऊ शकतात. अँडोसॉल विष जास्त धरून ठेवते, पण त्यामुळेच पिकाला कमी देते. तेवढंच विष नायटिसॉलमध्ये असेल तर कंदात जास्त उतरतं. तेव्हा मातीचा अहवाल वाचताना नुसता आकडा पाहून चालत नाही, माती कुठली हेही विचारावं लागतं.

कारुप्रोस्तात

ग्वादलूपचं जुनं कॅरिब नाव कारुकेरा. त्याचा अर्थ ‘सुंदर पाण्याचं बेट’ असा सांगतात; योगायोगाला कधीकधी ताळतंत्र नसतं. त्यावरूनच प्वांत-आ-पित्रच्या विद्यापीठ रुग्णालयात २००४ ते २००७ मध्ये झालेल्या अभ्यासाचं नाव ‘कारुप्रोस्तात’. ल्यूक मुल्तिन्ये, पास्काल ब्लांशे आणि सहकाऱ्यांचा हा रुग्ण-नियंत्रण अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला प्रोस्टेट कर्करोगाचे ६२३ नवे रुग्ण, दुसऱ्या बाजूला तो आजार नसलेले ६७१ पुरुष, आणि सर्वांच्या रक्तातलं क्लोरडेकोन मोजलेलं.

निष्कर्ष असा: ज्यांच्या रक्तात ते मोजता येण्याइतकं नव्हतं त्यांच्या तुलनेत सर्वात वरच्या गटात (लिटरमागे साधारण १ मायक्रोग्रॅम आणि त्याहून जास्त) कर्करोगाची शक्यता १.७७ पट. ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा ती) १.२१ ते २.५८. प्रमाण वाढेल तशी शक्यता वाढण्याचा कलही होता. घरात वडील-भावाला हा कर्करोग असलेल्यांत संबंध जास्त घट्ट होता. आणि ज्यांनी आयुष्याचा काही काळ पाश्चात्त्य देशात, म्हणजे मुख्यतः मुख्यभूमी फ्रान्समध्ये काढला होता, त्यांच्यातही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात विचार करायला लावतो. १९६३ ते १९८१ या काळात बुमिडोम नावाच्या सरकारी कार्यालयामार्फत या बेटांवरून हजारो तरुण पॅरिस आणि इतर शहरांत नोकरीला नेले गेले: टपाल, रुग्णालयं, रेल्वे. अनेकजण निवृत्तीला परत आले. यांच्या शरीरावर दोन ताटांचा इतिहास आहे. तिकडच्या मांस-दूध-मेदाच्या जेवणाचा आणि इकडच्या कंदांचा. यांपैकी कुठल्या घटकाने क्लोरडेकोनला साथ दिली ते या अभ्यासातून सांगता येत नाही. पण एकटं विष आणि एकटा आहार असा विचार करणाऱ्याची पंचाईत होते खरी.

जैविक बाजूने पाहिलं तर क्लोरडेकोन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. पेशीत इस्ट्रोजेनला पकडणारे जे दोन ग्राहक (रिसेप्टर) असतात त्यांतल्या अल्फाला उत्तेजित करतं, बीटाला रोखतं. प्रोस्टेट ही संप्रेरकांच्या तालावर चालणारी ग्रंथी. तेव्हा कारणाची वाट अशक्य नाही. पुढे याच चमूने कर्करोगासाठी प्रोस्टेट काढून टाकलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला, आणि रक्तात क्लोरडेकोन जास्त असलेल्यांत पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं एक प्रथिन) पुन्हा चढण्याचं, म्हणजे आजार परतण्याचं, प्रमाण जास्त दिसलं.

आक्षेपही आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. निदानाच्या दिवशी घेतलेलं रक्त मागच्या काही महिन्यांचीच साक्ष देतं (१६५ दिवस, दुसऱ्यांदा). प्रोस्टेटची गाठ मात्र दहा-वीस वर्षं रेंगाळत वाढते. संशोधकांचं म्हणणं असं की माणसाच्या जेवणाच्या सवयी आणि राहण्याची जागा सहसा बदलत नाही, त्यामुळे आजचा आकडा कालच्या आकड्याचा ढोबळ प्रतिनिधी धरता येतो. हे मान्य होण्यासारखं आहे; घट्ट पुरावा मात्र नव्हे. शिवाय त्याच लोकांवरच्या नंतरच्या विश्लेषणात डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईचा कर्करोगाशी संबंध सापडला, पण पीसीबी-१५३ या दुसऱ्या प्रदूषकाचा उलटा, जणू ते संरक्षण करतंय असा. असे उलटे निकाल आले की शहाण्या वाचकाने आधीच्या सुलट निकालाकडेही थोडं डोळे बारीक करून पाहावं.

तरीही फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सगळा पुरावा तपासून क्लोरडेकोन आणि प्रोस्टेट कर्करोग यांच्यात ‘ठाम गृहीतक’ करण्याइतका संबंध असल्याचं म्हटलं. माझंही मत त्याच बाजूचं आहे.

बाकीचे संशयित

आता यादीतली शेजारची नावं पाहू. त्याच २०१८च्या अंदाजात आयर्लंडचा दर १३२ होता आणि बार्बाडोसचा १२९. आयर्लंडमध्ये पीएसए चाचणी भरपूर होते, आणि ही चाचणी जितकी जास्त तितके आयुष्यभर गप्प बसले असते असे कर्करोगही उजेडात येतात. सात ठिकाणच्या शवविच्छेदनांची तुलना करणारा १९७७चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात सिंगापूर, हाँगकाँग, युगांडा, इस्रायल, जमैका, जर्मनी आणि स्वीडन होते. दुसऱ्या कारणाने मेलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये बारीक सुप्त गाठींचं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखं निघालं. फरक होता तो मोठ्या गाठींत. म्हणजे सुरुवात सर्वत्र होते, वाढ काही ठिकाणीच. आहार आणि पर्यावरण यांना जर कुठे काम असेल तर बहुधा या दुसऱ्या पायरीवर.

चाचण्यांचा सुळसुळाट मार्टिनिक-ग्वादलूपमध्येही आहे. पण नुसत्या चाचण्यांनी मृत्युदर वाढत नाही, आणि कॅरिबियन हा प्रोस्टेट कर्करोगाच्या मृत्युदरातही जगात सर्वात वरच्या प्रदेशांपैकी एक आहे. त्यामुळे ‘तपासलं म्हणून सापडलं’ एवढ्यावर हात झटकता येत नाहीत.

बार्बाडोसचं उत्तर दुसरीकडे आहे. ते उसाचं बेट, क्लोरडेकोनचा हा इतिहास त्याला नाही. त्याला मार्टिनिकशी जोडणारी गोष्ट म्हणजे गुलामांच्या जहाजांतून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी पूर्वजांची वंशावळ. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांपैकी चारांत एकाला आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो, गोऱ्यांत आठांत एकाला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट. आठव्या गुणसूत्रावरच्या ८क्यू२४ या भागातले धोक्याचे बदल आफ्रिकी वंशात जास्त आढळतात, आणि २०२० मध्ये मार्टिनिकच्या काही रुग्णांत एचओएक्सबी-१३ या जनुकातला पश्चिम आफ्रिकी मुळाचा एक बदल नोंदवला गेला. वंशाचा मुद्दा काढला की बेटांवर लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे: ज्या राज्यव्यवस्थेने पूर्वजांना आणलं तिनेच विषाला परवानगी दिली, आणि आता तिचाच माणूस म्हणतो की दोष तुमच्या रक्तात आहे. पण मुद्दा खोटा ठरत नाही.

सर्वसाधारण आहाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुरावाच थोडका आहे. लठ्ठपणाचा संबंध पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कर्करोगाशी पक्का मानला जातो. दूध आणि कॅल्शियमबद्दलचा पुरावा मर्यादित. टोमॅटोतल्या लायकोपीनचा एकेकाळी केवढा गाजावाजा झाला. तो पुढे बराच ओसरला.

मग वाटा किती?

एक ढोबळ हिशोब करू. समजा ग्वादलूपच्या चारांतला एक पुरुष रक्तातल्या क्लोरडेकोनच्या त्या वरच्या गटात आहे, बाकीच्यांना काही जास्तीचा धोका नाही, आणि १.७७ हे गुणोत्तर पूर्णपणे विषामुळेच आहे. मग लोकसंख्येतल्या एकूण रुग्णांपैकी शंभरातले १६ या विषाच्या खात्यात जातात. विश्वास मर्यादेची दोन टोकं घेतली तर ५ ते २८. हा हिशोब माझा, पाटीवर खडूने करण्याइतका साधा. पण प्रमाण कळायला पुरतो.

१८९ मधून १६ टक्के वजा करा. उरतात जवळपास १६०. म्हणजे क्लोरडेकोनचा कणही या बेटावर कधी पडला नसता तरी दर जगाच्या सरासरीच्या पाचपटीहून वरच राहिला असता. आणि दुसऱ्या बाजूने: दर शंभर रुग्णांतले सोळा, दरवर्षी, टाळता येण्याजोगे. एखाद्या विमानतळावर दरवर्षी इतकी माणसं टाळता येण्याजोग्या कारणाने दगावली तर कोणी ‘बाकी कारणंही आहेत’ असं म्हणत बसलं नसतं. हे दोन्ही निष्कर्ष एकाच बेरजेतून निघतात आणि वादात प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा तेवढा उचलतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी क्लोरडेकोन कर्करोगकारक आहे असं म्हणू नये, अशा अर्थाचं बोलून वाद ओढवून घेतला; कार्यालयाला गैरसमज झाल्याचा खुलासा करावा लागला. आदल्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी मार्टिनिकमध्ये याला पर्यावरणीय घोटाळा म्हटलं होतं.

अर्धवट राहिलेलं

ग्वादलूपमध्ये जे सापडलं ते मार्टिनिकमध्येही सापडतं का, हे तपासण्यासाठी ‘मादिप्रोस्तात’ हा अभ्यास २०१३ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी निधी थांबला आणि अभ्यासही. शास्त्रीय दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात मोठी हानी हीच, असं मला वाटतं. एकाच बेटावरचा एकच मोठा अभ्यास कितीही काटेकोर असला तरी पुनरावृत्तीशिवाय लंगडाच राहतो, आणि आज प्रत्येक वाद त्या एका १.७७ वर येऊन थांबतो.

कायद्याने वेगवेगळ्या दिशांना पावलं टाकली. डिसेंबर २०२१च्या आदेशाने क्लोरडेकोनसह कीटकनाशकांमुळे होणारा प्रोस्टेट कर्करोग शेतमजुरांचा व्यवसायजन्य आजार ठरला. अट किमान दहा वर्षं संपर्काची. २००६ मध्ये दाखल झालेल्या फौजदारी तक्रारीवर जानेवारी २०२३ मध्ये खटला न चालवण्याचा निर्णय झाला. न्यायाधीशांनी याला आरोग्याचा घोटाळा म्हटलं, पण इतक्या जुन्या घटना सिद्ध करणं शक्य नाही असंही म्हटलं. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने शासनाची चूक मान्य केली आणि आजाराच्या भीतीत जगावं लागल्याबद्दल भरपाईचा मार्ग उघडला; मात्र बाराशेहून जास्त अर्जदारांपैकी मोजक्यांनाच ती मिळाली, कारण आपल्या शरीरात विष किती होतं याचा वैयक्तिक पुरावा द्यावा लागतो.

मजुराला निदान दहा वर्षांच्या कामाचा दाखला दाखवता येतो. जिने किंवा ज्याने केळीच्या बागेत कधी पाऊल टाकलं नाही, फक्त परसातली दाशीन उकडून खाल्ली, त्यांच्याकडे कसला दाखला असणार?

परसबागांसाठी ‘जाफा’ नावाचा कार्यक्रम आहे. कर्मचारी घरी येतो, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून माती काढून एकत्र करतो, नमुना प्रयोगशाळेत जातो; घरमालकाला पैसे पडत नाहीत. अन्नातली कायदेशीर मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम. मातीच्या अहवालात आकडा जास्त आला तर कर्मचारी कंद लावू नका म्हणून सांगतो आणि त्या वाफ्यात मिरची, टोमॅटो, शेंगा लावायला सुचवतो. कोंबड्या असतील तर त्यांचा खुराडा सिमेंटवर हलवायला. दूषित भागातल्या घरच्या बागेतले कंद आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त खाऊ नयेत, हा जुना सल्ला. तो पाळला तर रक्तातला आकडा हळूहळू निम्म्याच्या दिशेने सरकायला लागतो. त्यासाठी कुणाला तरी आजीच्या हातची दाशीन सोडून बाजारातून तपासलेला, महागडा कंद आणावा लागतो, आणि परसातला वाफा, ज्यात त्याच्या आजोबांनी कंद लावले होते, तसाच मिरचीसाठी सोडून द्यावा लागतो.